लावण, खोडवा आणि इंडियन ओशन



आधी रानाची नोंद. नदीकाठच्या मळीतला को ८६०३२ चा खोडवा, क्षेत्र ५२ गुंठे. तोड जानेवारीच्या मध्याला झालेली. १३५ दिवस भरले म्हणून परवा खताचा दुसरा हप्ता पहारीनं दिला. पाचट सगळं रानातच आहे, काडी लावलेली नाही. फुटवे बरे आहेत, नांग्या रोपं लावून भरून घेतल्यात. वळीव दोन झाले, आता मिरगाची वाट.

शेतीचं एवढंच. ज्यांना फक्त खताचं प्रमाण बघायचं असतं त्यांनी इथंच थांबलं तरी राग नाही.

मागच्या महिन्यात पहारीचा व्हिडिओ टाकला होता, त्यात मागं मोबाइलवर गाणं चालू होतं. खाली तिघा-चौघांनी विचारलं, भाऊ हे गाणं कुठलं? एकजण म्हणाला भजन वाटतंय, दुसरा म्हणाला चर्चमधलं वाटतंय. दोघांचंही बरोबर आहे. गाण्याचं नाव 'कंदीसा'. केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना आहे, भाषा अरामी, म्हणजे येशूच्या काळातली. ती वाजवणारा बँड दिल्लीचा, नाव इंडियन ओशन. मी २००१ पासून ऐकतोय. पंचवीस वर्षं होत आली म्हणजे मत द्यायचा थोडा हक्क झाला असं धरून लिहितो. आणि लिहायला आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. थोरला चुलतभाऊ, दादा, पुण्याहून सुट्टीला आला ते पिशवीतनं एक कॅसेट घेऊन. आम्ही तोवर गाणं म्हणजे रेडिओ, तमाशा, गणपतीतला बेंजो एवढंच धरून चाललेलो. लाइट रात्री बाराला यायची. दोघंही मोटरीच्या खोपीत पोत्यावर बसायचो, सेलवर चालणारा टेप मध्ये. दादा म्हणाला, "हे ऐक. पर मधी उठायचं न्हाई. सरी फुटली तर फुटू दे." सरी खरोखरच फुटली त्या रात्री. सकाळी चुलत्यांनी दोघांनाही धुतलं. शब्दांनी.

'कंदीसा' हा अल्बम २००० सालचा. सातच गाणी. पण एकेक गाणं निवांत चालतं, सिनेमातल्यासारखं चार मिनिटांत गुंडाळत नाही. सुरुवातीला नुसती गिटार, मग ढोलताशासारखं काहीतरी उठतं, मग सगळं शांत, मग परत दुसऱ्याच लयीत. अशा रॉकला प्रोग्रेसिव्ह म्हणतात. साहेबांच्या देशात पिंक फ्लॉइड वगैरे लोकांनी १९७० च्या आसपास हा प्रकार वाढवला. इंडियन ओशनला कुणी फ्यूजन म्हणतं, कुणी रॉक म्हणतं. मी माझ्या पद्धतीनं सांगतो. सिनेमाचं गाणं म्हणजे कोथिंबीर, चाळीस दिवसांत बाजारात. हे आडसाली उसासारखं आहे, धीर पाहिजे.

आता माणसं. असली बँड चार जणांची. सुष्मित सेन गिटारवर, असीम चक्रवर्ती तबला आणि गाणं, राहुल राम बास गिटार आणि गाणं, अमित किलम ड्रम्स. सुष्मित आणि असीम १९८४ पासून एकत्र वाजवायचे, बँड उभा राहिला १९९० ला. राहुल राम १९९१ मध्ये आला, अमित १९९४ मध्ये. इंडियन ओशन हे नाव सुष्मितच्या वडिलांनी सुचवलेलं.

सुष्मितची गिटार म्हणजे या बँडचं बेणं. तो गिटार घेऊन सतार वाजवतोय असं वाटतं. सूर ओढतो, वळवतो, मध्येच सोडून देतो. शंभर गिटारवाले आणून पडद्यामागं बसवले तर मी त्याला ओळखीन. दादाशी माझं इथं कायम वाजायचं. त्याचं म्हणणं असीम मोठा. असीम मांडी घालून बसायचा, पुढं तबले मांडलेले, आणि वाजवता वाजवता गायचा. आवाज गोड अजिबात नव्हता. रानात लांबनं हाक मारल्यासारखा. २००८ मध्ये पुण्यात एका कॉलेजात त्यांचा कार्यक्रम होता, आम्ही दोघं एसटीनं गेलो. कंदीसा सुरू झालं आणि असीमनं जो सूर लावला, दादा माझ्याकडं बघून नुसता मान हलवत होता. त्या दिवशी मी हरलो.

राहुल रामबद्दल आपल्या पानावरच्या कृषी अधिकारी मंडळींना एक सांगतो. हा माणूस अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा पीएचडी आहे, विषय पर्यावरणातली विषं. म्हणजे आपण फवारतो ते पुढं माती-पाण्यात जाऊन काय करतं, त्या जातीचा अभ्यास. शिकून परत आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात गेला. तिथल्या खोऱ्यात नर्मदेचं लोकगीत ऐकलं, त्याचं 'मा रेवा' झालं. रेवा म्हणजे नर्मदाच. सरदार सरोवरात आपल्या महाराष्ट्राची नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली. आपल्याकडं कोयना, काळम्मावाडीची धरणग्रस्त माणसं आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको.

या गाण्याची खरी गंमत अशी की त्यात घोषणा नाही. सरकारला शिवी नाही. नदीचं पाणी कसं आहे, ती आई कशी आहे, एवढंच. पोटचं माणूस जाताना आपण त्याचं गुणगानच करतो ना, तसं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. आमची मळी आठ दिवस पाण्याखाली. पाणी उतरल्यावर उसाच्या शेंड्यात गाळ बसलेला, सगळं रान कुबट वासाचं. त्या दिवसात मी 'मा रेवा' लावून बघितलं आणि अर्ध्यात बंद केलं. नदीला आई म्हणवत नव्हतं. सहा महिन्यांनी त्याच गाळावर पीक बघून परत लावलं. मळी झाली ती पुरानंच, हे आमचे आजोबा सांगायचे. गाणं तेच होतं, बदललो मी.

अमित किलमचं एक वाद्य आहे, गुबगुबी. एका तोंडाला कातडं, त्यातनं तार ओढलेली, तार छेडली की गुब गुब असा आवाज. एकदा टेपवर ते वाजत होतं आणि आजी सोप्यात शेंगा फोडत बसलेली. म्हणाली, "कोण जोगतीण आलीया गं? चौंडकं वाजतंय न्हवं?" तिचं चुकलं नव्हतं. आपलं यल्लम्माचं चौंडकं आणि बंगालकडची ही गुबगुबी एकाच भावकीतली. दिल्लीचा बँड आमच्या आजीला परका वाटला नाही, यातच सगळं आलं.

आता अल्बमांचा हिशेब, माझ्या मतानं.

पहिला १९९३ चा, बँडच्याच नावाचा, एचएमव्हीनं काढलेला. चांगला आहे, पण नव्या लावणीसारखा, अजून भरणी व्हायची आहे. 'डेझर्ट रेन' १९९७ चा, दिल्लीत सफदर हाश्मींच्या स्मरणाच्या कार्यक्रमात लोकांसमोर वाजवलेला, तसाच रेकॉर्ड केलेला. चुका असतील तर त्यांच्यासकट. त्यामुळंच मला आवडतो. त्या काळातली त्यांची एक धून आहे 'बोल वीव्हिल'. कापसाच्या बोंडातला भुंगा. आपल्याकडं बोंडअळी आहे, हा भुंगा नाही, तो अमेरिकेतला. तिथं त्यानं कापूस इतका खाल्ला की शेतकरी भुईमुगाकडं वळले आणि पैसा मिळवला. मग अलाबामातल्या एंटरप्राइझ नावाच्या गावानं १९१९ साली त्या किडीचं स्मारक बांधलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या मित्रांनी हे वाचून शिव्या घालू नयेत.

'कंदीसा'बद्दल लिहिलंच. त्यातलं 'हिल्लेले' राहिलं. गोरख पांडे या कवीचं भोजपुरी गीत, कष्टकऱ्यांच्या चळवळीत गायलं जाणारं. भोजपुरी कळत नसली तरी तिसऱ्या मिनिटाला माणूस उठून उभा राहतो. उसाच्या दराच्या आंदोलनात मी ते ट्रॅक्टरवर लावलं होतं. पोरांनी पाच मिनिटांत बदलून दुसरं लावलं, ती गोष्ट वेगळी.

'झीनी' २००३ चा. कबीराचं पद, मोठ्या माणसांनी आधी गायलेलं. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना कुमार गंधर्व आठवतील, तुलना करू नये. दादाला हा सगळ्यात आवडतो. मला थोडा संथ वाटतो. रात्रपाळीला ऐकला तर झोप लागते आणि पाणी पाणंदीत जातं.

मग 'ब्लॅक फ्रायडे'. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा सिनेमा, अडकून पडला आणि २००७ ला लागला, गाणी दोन वर्षं आधीच आलेली. 'बंदे' हे गाणं तुम्ही ऐकलेलं असणार, पीयूष मिश्रांनी लिहिलेलं. बँड घराघरात पोहोचला तो या गाण्यानं. गाणं दणकट आहे. पण ज्याला फक्त 'बंदे' माहीत आहे त्यानं बांधावरनंच रान बघितलं असं मी म्हणेन.

२००९ च्या २५ डिसेंबरला असीम गेला. हृदयविकार. आम्हाला दोन दिवसांनी कळलं. तेव्हा उसाचा हंगाम ऐन जोरात, टोळी रानात, आणि दादा बैलगाडीच्या जुवावर बसून राहिला होता. टोळीवाले विचारत होते घरात कोण गेलं का. काय सांगणार?

त्याच्यानंतर २०१० ला दोन गोष्टी झाल्या. एक, 'पीपली लाइव्ह' हा शेतकरी आत्महत्येवरचा सिनेमा आला, त्यात यांचं 'देश मेरा'. आम्ही थेटरात बघितला. लोक हसत होते. सिनेमा हसवायलाच केलेला आहे, मान्य. पण गाण्यात जो कडूपणा आहे तो हसण्याच्या खालचा आहे, आणि कर्जाची नोटीस घरात पडलेल्या माणसाला तोच पहिला ऐकू येतो. दुसरी गोष्ट '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम. दिल्लीत करोल बागेतल्या ज्या घरात ते सराव करायचे त्याचा हा पत्ता. असीमच्या हयातीत रेकॉर्ड केलेली गाणी. कुठल्या कंपनीला न देता दर महिन्याला एक गाणं इंटरनेटवर फुकट सोडलं. आडत नाही, तोलाई नाही, दलाल नाही. गूळ घेऊन सौद्याला उभा राहिलेल्या माणसाला यातली हिंमत कळते. फुकट देऊन जगले कसे? कार्यक्रमांवर. आपल्याला तो पर्याय नाही.

२०१३ ला सुष्मित बाहेर पडला. स्वतःचा वेगळा बँड काढला.

इथं माझा राग सुरू झाला. असीम गेला तो देवानं नेला, त्याला काय बोलणार. पण ज्यानं बँड सुरू केला तोच सोडून जातो? आणि बाकीचे तेच नाव घेऊन वाजवत राहतात? गाण्याला हिमांशू जोशी, तबल्याला तुहीन चक्रवर्ती आलेले होते, गिटारवर निखिल राव आला. मी ठरवलं, आता हा इंडियन ओशन नाही. २०१४ ला 'तांदनू' आला, त्यात शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विशाल ददलानी असे सात पाहुणे. मी एकदा ऐकला आणि म्हणालो, घरात माणूस कमी पडलं की पाहुणे बोलवायचे. लिहिलंही होतं तसं जुन्या फोनवर कुठंतरी.

आता खरं सांगतो. त्याच वर्षी दादानं शेती सोडली. वाटणी झालेली, त्याच्या वाट्याला मळीतले २० गुंठे. पोरांच्या शाळेसाठी पुण्याला कंपनीत लागला. रान मला वाट्यानं दिलं. मी तोंडावर काही बोललो नाही, पण दहा वर्षं मनात धरलं. ज्यानं मला पहारीनं खत द्यायला शिकवलं, पाचट जाळू नको म्हणून गावाशी भांडला, तोच निघून गेला. बँडचा राग आणि दादाचा राग, दोन्ही एकाच पोत्यात भरलेले होते, हे मला बायकोनं सांगितलं.

राग उतरला तो असा. आमचा पोरगा मोबाइलवर एक गाणं सारखं लावायचा, 'तू किसी रेल सी'. मला भारी आवडलं. साधं, हळू, गायलेलंही मनापासून. गायक स्वानंद किरकिरे, इंदूरचा मराठी माणूस. शब्द वरुण ग्रोव्हरचे. महिनाभर मी ते ट्रॅक्टरवर गुणगुणत होतो. मग एकदा पोराला विचारलं, संगीत कुणाचं रे? म्हणाला, 'मसान' सिनेमातलं, २०१५ चं, इंडियन ओशनचं.

मी गप्प. प्लॉटला जातीच्या पाट्या न लावता नुसतं पीक दाखवायचं आणि मत विचारायचं, तशी माझी परीक्षा झाली. पाटी नसताना मी पास केलेलं, पाटी वाचून नापास करत होतो.

मग 'तांदनू' परत काढला आणि नीट ऐकला, तीन-चार वेळा, रात्रपाळीला. मत बदललं, पण पूर्ण नाही. सुष्मितची गिटार तिथं नाही ती नाहीच. निखिल राव त्याची नक्कल करत नाही, स्वतःचं वाजवतो. पहिल्यांदा तीच गोष्ट मला खटकली होती, आता तीच आवडते. हिमांशूचा आवाज असीमपेक्षा घोटलेला आहे, पण ती रानातली हाक नाही. राहुल राम आणि अमित यांनी मात्र बुडखा जिवंत ठेवलाय. २०२३ ला 'तू है' आला, नऊ वर्षांनी. घाई नाही, तीच लांब गाणी, कुणी ऐको न ऐको. मी सगळ्यात आधी 'कंदीसा'च लावीन. पण 'तू है' ऐकताना मी उठून जात नाही.

आपल्यातले बरेचजण खोडवा म्हणजे फुकटचं पीक धरतात. लावणीला सगळं लक्ष, खोडव्याला पाणी सोडलं की झालं. मग एकरी टनेज पडलं की म्हणायचं खोडव्यात काय राम नाही. बुडखे जमिनीलगत छाटले का, नांग्या भरल्या का, खत वेळेला दिलं का, हे विचारायचं नाही. मी या बँडचं नेमकं तेच केलं. लावणीचा उतारा डोळ्यापुढं धरून खोडव्याला नावं ठेवली. आणि खोडवा लावणीएवढा येत नाही कधी कधी, हेही खरं. पण तो उपटून टाकायचा की राखायचा हे बांधावरनं ठरवायचं नसतं, आत शिरून फुटवे मोजायचे असतात. पिंक फ्लॉइडवाल्यांचंही बघा. १९६८ ला सिड बॅरेट गेला, १९८५ ला रॉजर वॉटर्स. खरा फ्लॉइड कुठला, यावर तिकडं अजून भांडणं चालू आहेत. बॅरेट गेल्यावर दुकान बंद केलं असतं तर पुढची सगळी गाणी झालीच नसती.

आता शेवटचं कारण. दादाचा गेल्या आठवड्यात फोन आला. २० गुंठे विकायचं म्हणतोय, पोरीचं शिक्षण आहे. "भायेरच्याला दाखवायच्या आधी तुला इचारतो," म्हणाला. माझ्याकडं तेवढे पैसे नाहीत. सोसायटीचं अजून फिटलेलं नाही. विकू नको म्हणायचा मला हक्क आहे का, तेही कळत नाही. दहा वर्षं मी त्याला कसा आहेस एवढंही धड विचारलेलं नाही, आणि रान मात्र त्याचंच कसत होतो.

रविवारी येणार आहे. आधी रानात नेणार, खोडवा दाखवणार. त्याच्या वाटणीतल्या २० गुंठ्यात फुटवे माझ्यापेक्षा चांगले आहेत, ते मुद्दाम सांगणार. रात्री लाइट बाराला आहे. टेप कधीच मोडला, पण स्पीकर चार्ज करून ठेवतो. 'झीनी' लावीन, त्याला आवडतो म्हणून. मग 'तू है'. मधी उठायचं न्हाई, हे यावेळी मी सांगणार.

ज्यांना नव्यानं ऐकायचंय त्यांनी असं करा. आधी 'मा रेवा', मग 'कंदीसा', मग 'हिल्लेले'. त्यानंतर 'डेझर्ट रेन' पूर्ण. 'बंदे' तुम्ही ऐकलेलंच आहे. आवडलं नाही तर तसंही खाली लिहा, वाद घालू. आणि भावकीत असं रान विकायची वेळ कुणावर आली असेल, हप्त्यानं व्यवहार करून घरातच ठेवलं असेल, तर कसं जमवलं तेवढं सांगा. शनिवारच्या आत सांगितलं तर उपकार होतील.

पुढच्या नोंदीत पाचट किती कुजलं त्याचे फोटो टाकतो.